किट बदललं, गळती तीच: गोठ्यातल्या मिनी ट्रॅक्टरच्या बकेट सिलिंडरचं प्रकरण

ट्रॅक्टर २७ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह, संगमनेर तालुक्यातल्या एका गोठ्यावरचा. घेतला होता डाळिंबाच्या बागेत फवारणीसाठी. बागेत तेल्या रोग शिरला, बाग काढावी लागली, एचएफ (होल्स्टीन) गाई वाढल्या आणि ट्रॅक्टर गोठ्यात आला. पुढे त्याला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून लोडर बसवून घेतला. बूम, म्हणजे बकेट धरणारे हात, उचलायला दोन सिलिंडर, बकेट फिरवायला दोन. चारही सिलिंडर ५० मिमी बोअरचे, म्हणजे आतल्या व्यासाचे, रॉड ३० मिमीचा. व्हॉल्व्ह दोन लिव्हरचा मोनोब्लॉक, म्हणजे एकाच ठोकळ्यातला, आणि तेल ट्रॅक्टरचंच, म्हणजे गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकला एकच टाकी. काम रोजचं: सकाळी शेण ओढून खड्ड्यावर टाकायचं, दुपारी बंकरमधला मुरघास बकेटमध्ये भरून गव्हाणीपर्यंत न्यायचा.

तक्रार उजव्या बकेट सिलिंडरची. रॉडच्या तोंडातून तेल गळतंय. वर्षभरात तीनदा सील किट बदललेलं. दर वेळी दीड-दोन महिने कोरडं राहायचं, मग आधी ओल, मग थेंब, मग धार. मालकांचं, म्हणजे आप्पांचं मत पक्कं झालं होतं: "मिस्तरी, दुकानदार डुप्लिकेट माल खपवतोय. या वेळेला ओरिजनल किट कुठूनही आणा, पैशाचं बघू नका." जोडीला दुसरी तक्रार होती. बकेट भरून बूम वर ठेवली की ती हळूहळू खाली बसते. तीही त्यांनी सीलच्याच खात्यावर टाकली होती.

या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नव्हता. दोन्ही एकाच बिलात धरल्या की नको ते सिलिंडर उघडले जातात, म्हणून पहिलं काम त्या वेगळ्या करण्याचं होतं.

आधी गळती. चालत्या सिलिंडरच्या रॉडवर तेलाचा पातळ थर असणारच, बोट फिरवलं तर बोटाला चिकटेल इतका. त्याच थरावर सीलची ओठ घसरते. थर मुळीच नसेल तर सील कोरडी घासली जाऊन लवकर जाते. वाईट म्हणायचं ते थेंब जमून पडायला लागल्यावर. सेकंदाला एक थेंब ऐकायला किरकोळ वाटतं, पण वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरला तर दोन तासांच्या कामात ३६० मिली तेल जातं. आप्पांचा मुलगा दर आठवड्याला टाकीत तेल ओतत होता ते याचमुळे. गळती कुठून होतेय हे बघायला हात फिरवायचा नाही. ग्लँडचं, म्हणजे रॉड ज्यातून बाहेर येतो त्या झाकणाचं, तोंड पुसून काढायचं, पुठ्ठा धरायचा आणि लिव्हर चालवायची. बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची चिळकांडी कातडीतून आत शिरते. वरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना 'प्रेशरचं तेल आत गेलंय' हे स्पष्ट सांगायचं.

पुठ्ठ्यावर डाग पडला तो फक्त उजव्या बकेट सिलिंडरच्या वायपरखाली, म्हणजे रॉडवरची घाण पुसणाऱ्या बाहेरच्या सीलखाली. डावा कोरडा. बूमच्या दोन्ही सिलिंडरांवर थर होता, थेंब नव्हता.

नेमका बकेटचाच सिलिंडर का, याला कारण आहे. या लोडरवर बकेट वर वळवायला रॉड आत येतो आणि ओतायला बाहेर जातो. भरलेल्या बकेटचं वजन रॉडला बाहेर ओढत असतं, म्हणजे वजन तोललं जातं ते रॉडच्या बाजूच्या तेलावर. माल घेऊन गोठाभर फिरताना हा सगळा दाब थेट रॉड सीलवर असतो. बूमचं उलट आहे. तिथे वजन रॉडला आत दाबतं, दाब मागच्या बाजूला असतो आणि रॉड सील बऱ्यापैकी निवांत असते. सारख्याच मापाचे, सारख्याच दर्जाचे चार सिलिंडर असले तरी रॉड सील पहिल्यांदा बकेटच्या सिलिंडराची जाते ती यामुळे.

आता बूम बसण्याचं. बकेटमध्ये ओलं शेण भरलं, बूम कमरेएवढी उचलली, इंजिन बंद केलं आणि रॉडवर वायपरपासून अंतर मोजून खडूची खूण केली. बूमखाली कोणी जाणार नाही याची व्यवस्था आधी. दहा मिनिटांत रॉड ३५ मिमी आत गेला. एका सिलिंडरातून ६९ मिली, दोन्हींतून मिळून मिनिटाला साधारण १४ मिली तेल कुठेतरी निसटत होतं. बाहेर थेंब नाही, म्हणजे आतल्या आत. पिस्टनवरून की व्हॉल्व्हमधून?

या ठिकाणी बहुतेक जण सरळ 'पिस्टन सील गेली' म्हणतात. थोडा विचार केला तर ते बसत नाही. पिस्टन सील साफ गेली आणि दोन्ही पोर्ट, म्हणजे सिलिंडरात तेल जायची-यायची भोकं, घट्ट बंद असले, तर तेल मागच्या बाजूने रॉडच्या बाजूला जाईल खरं, पण रॉड आत शिरताना स्वतःच्या जाडीएवढी जागाही मागतो. आत कोंडलेलं तेल तेवढी जागा देऊ शकत नाही, कारण तेल दाबलं जात नाही. बूम किंचित बसते आणि थांबते. फक्त दाब चढतो. ५० च्या बोअरचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंमी, ३० च्या रॉडचं ७.०७, म्हणजे जवळजवळ २.८ पट. चांगल्या सीलवर ६० बारमध्ये तोललं जाणारं वजन, सील गेल्यावर दोन्ही बाजूंना १६७ बार करून बसतं. ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब सोडून देणारा, १५० बारला लावलेला असला तरी त्याचा इथे उपयोग नाही, कारण तो व्हॉल्व्हच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला असतो. कोंडलेल्या तेलापर्यंत त्याचा हात पोचत नाही. म्हणून पिस्टन सील गेलेल्या बूमच्या सिलिंडरात एरवी निवांत असलेली रॉड सीलही गळायला लागते, आणि लोक म्हणतात दोन्ही सील एकदम गेल्या.

यातून चाचणीचा एक पेच निघतो. सिलिंडरच्या पाइप काढून पोर्टला प्लग मारले आणि बूम थांबली, तर 'व्हॉल्व्ह दोषी, पिस्टन सील चांगली' असा निकाल देता येत नाही. बूम थांबणारच होती. प्लगच्या चाचणीने व्हॉल्व्हचा वाटा कळतो. पिस्टन सीलचा कळत नाही, त्याला वेगळी चाचणी लागते.

ती अशी केली. बूम लोखंडी घोड्यांवर टेकवली, दोन्ही बूम सिलिंडरांच्या रॉडच्या पिना काढल्या. रिकामे सिलिंडर पूर्ण बाहेर काढले. इंजिन बंद केलं, लिव्हर दोन्हीकडे हलवून उरलेला दाब सोडला, रॉडच्या बाजूची पाइप सोडून तिचं तोंड बंद केलं, सिलिंडरच्या उघड्या पोर्टखाली स्वच्छ डबा धरला. इंजिन चालू करून लिव्हर 'वर'च्या दिशेला धरून ठेवली. पिस्टन आधीच शेवटाला टेकलेला असल्याने सील चांगली असेल तर पोर्टमधून सुरुवातीला उरलंसुरलं तेल येतं आणि थांबतं. दोन्ही सिलिंडरांत ते थांबलं. प्लग मारून पुन्हा भार दिला तेव्हा बूमही जागची हलली नाही. म्हणजे निसटणं सगळं व्हॉल्व्हच्या स्पूलमधून, लिव्हरने सरकणाऱ्या आतल्या दांडीच्या कडेने, होतं.

स्पूल आणि बॉडी यांच्यात रबराची सील नसते. दोघांमधली फट काही मायक्रॉनची असते आणि तेवढ्यावरच तेल अडतं. नवा व्हॉल्व्हही थोडं सोडतो, आणि तेल तापून पातळ झालं की जास्त सोडतो. मिनिटाला १४ मिली हे जुन्या मोनोब्लॉकच्या मानाने फार वाईट नाही. किट टाकून हे बरं होत नाही. एक तर व्हॉल्व्ह बदला, नाहीतर सिलिंडरजवळ तेल सिलिंडरातच कोंडून ठेवणारा पायलट चेक व्हॉल्व्ह बसवा, ज्याला दुकानात लॉक व्हॉल्व्ह म्हणतात. आप्पांना विचारलं, बूम वर ठेवून कधी काम असतं का? नसतं. मग खर्च कशाला? बूम उंच ठेवून ट्रॅक्टर सोडायचा नाही, एवढं ठरलं आणि तो विषय तिथेच मिटला. बूमचे सिलिंडर उघडलेच नाहीत.

उजवा बकेट सिलिंडर मात्र उघडला. बकेट जमिनीवर टेकवून, दाब सोडून, पिना ठोकून काढला. पिन काढतानाच पहिला पुरावा हाती आला: रॉडच्या डोळ्यातला, म्हणजे पिन जाते त्या भोकातला, बुश लंबगोल झालेला होता. पिन आत खडखड वाजत होती. ग्रीस निपलवर वाळलेल्या शेणाचं टोपण बसलेलं होतं, त्यात ग्रीस गेल्याला बरेच दिवस झाले असावेत.

ग्लँड साखळी पान्ह्याने सोडली. ग्लँड अडकली की काही जण मागच्या पोर्टमधून कॉम्प्रेसरची हवा मारतात. ते करू नये. ग्लँड सुटली की रॉड पिस्टनसकट गोळीसारखा बाहेर येतो आणि समोर उभ्या माणसाला जागा सोडायला वेळ मिळत नाही. रॉड हाताने ओढून काढला, बॅरल आतून पुसला आणि बॅटरी मारून बघितला. बोअर चकचकीत, एकही उभा चरा नाही. पिस्टन सील शाबूत.

जुन्या सील काढल्या की लगेच कचऱ्यात टाकायच्या नाहीत, आधी वाचायच्या. फडक्यावर त्या ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने बसल्या होत्या तशाच मांडायच्या. पूर्ण गोलाभोवती टणक होऊन तडकलेली सील उष्णतेने गेलेली असते. टाचेकडून, म्हणजे ओठेच्या मागच्या बाजूने, रबर फटीत खेचल्यासारखं दिसलं तर दाब जास्त किंवा रॉडला सरळ धरणारी गाइड रिंग झिजून फट वाढलेली. फुगून मऊ पडली असेल तर टाकीत कोणीतरी ब्रेक ऑइल किंवा भलतंच काही ओतलंय. एकाच ठिकाणी स्वच्छ काप असेल तर तो बसवतानाचा, स्क्रूड्रायव्हरचा किंवा रॉडच्या आट्यांचा.

या सीलचं चित्र वेगळं होतं. पॉलियुरेथेनची यू-सील, ३० बाय ४० बाय १०, ओठ आतल्या बाजूला, म्हणजे बरोबर बसवलेली. रबर मऊ, रंग टिकलेला, टाच शाबूत. पण आतल्या ओठेवर रॉडच्या दिशेने उभे, बारीक, जवळजवळ असे असंख्य ओरखडे होते आणि गोलाच्या एका तृतीयांश भागात ओठ जवळपास नाहीशी झालेली. भिंगातून पाहिलं तर तिथली कड खरवडलेली दिसत होती, कापलेली नव्हे. वायपरचीही तीच गत, त्याच बाजूला. ग्लँडमधली गाइड रिंग त्या बाजूला हाताला कळेल इतकी पातळ झालेली.

म्हणजे किट डुप्लिकेट नव्हतं आणि आधीच्या फिटरने बसवण्यातही कसूर केली नव्हती. सील ज्यावर घसरत होती ती वस्तूच तिला खात होती.

रॉड रॉकेलने धुऊन उन्हात धरला. लांबून बघितला तर चकाकत होता. नख लावून लांबीच्या दिशेने ओढलं की एका पट्ट्यात नख अडखळत होतं. कापसाचा बोळा फिरवला तर त्याच पट्ट्यात तंतू अडकून राहिले. तिथे टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके होते, काही सुटे, काही दोन-तीन एकत्र येऊन क्रोमचा पापुद्रा उडालेले. त्या खड्ड्यांची कड म्हणजे कानसच. प्रत्येक ओढीला सीलच्या ओठेचा थोडा थोडा भुगा काढत होती.

हार्ड क्रोमचा थर साधारण २० ते २५ मायक्रॉनचा असतो. तो टणक असला तरी त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतातच. तेलाचा थर असेपर्यंत त्यांचं काही बिघडत नाही. ओल, मीठ, अमोनिया त्यावर रात्रभर बसू दिला की तो भेगांतून खाली उतरतो, क्रोमखालचं पोलाद गंजतं, गंज फुगतो आणि क्रोमला खालून उचलतो. गोठ्यात याचं सगळं सामान हजर असतं: गोमूत्रातले क्षार, शेणातून सुटणारा अमोनिया. त्यात मुरघासाची भर, कारण चांगल्या मुरलेल्या मुरघासाचा सामू ४ च्या आसपास असतो, म्हणजे तो सरळसरळ आम्लच.

पण मग डावा रॉड का वाचला? दोन्ही एकाच बकेटवर, एकाच शेणात. याचं उत्तर वर्कशॉपमध्ये सापडण्यासारखं नव्हतं, ते गोठ्यावर जाऊनच कळलं. खड्ड्यांचा पट्टा नेमका किती लांबीवर आहे ते टेपने मोजून घेतलं होतं. संध्याकाळी ट्रॅक्टर जिथे लावतात तिथे पाहिलं तर बकेट पूर्ण ओतून, पुढची पट्टी जमिनीवर उभी टेकवून ठेवलेली. आतलं शेण आणि पाणी निथळून जावं म्हणून. या अवस्थेत बकेटचे दोन्ही रॉड जवळपास पूर्ण बाहेर असतात. उघड्या राहिलेल्या भागाचं माप आणि खड्ड्यांच्या पट्ट्याचं माप जुळलं. ठिपके सगळ्यात दाट होते ते वायपरच्या लगत, जिथे ओलं शेण वायपरच्या कडेला साचून रात्रभर तसंच बसत होतं.

ट्रॅक्टर लावायची जागा होती उजवी बाजू भिंतीला लागून, आणि भिंतीच्या कडेने गोमूत्राची नाली. रात्री बंद गोठ्यात त्या कडेला उभं राहिलं तर डोळे चुरचुरतात. धुणारा माणूस पाइप घेऊन डाव्या बाजूने यायचा. डावा रॉड रोज धुतला जायचा, उजवीकडे पाणी पोचायचंच नाही. लंबगोल झालेल्या बुशमुळे उजवा रॉड तिरका ताण घेत होता, म्हणून सीलचा एक तृतीयांश भाग जास्त खाल्ला गेला. बुशच्या झिजेने बाजू ठरवली, पण खाण्याचं काम क्रोमच्या खड्ड्यांनी केलं. बुश नवा घातला असता आणि रॉड तोच ठेवला असता तर सील गोलाभोवती सारखी झिजली असती, एवढाच फरक.

रॉडचं काय करायचं यावर थोडा खल झाला. बारीक एमरीने, तेल लावून, गोल फिरवत घासलं तर खड्ड्यांच्या कडा बोथट होतात आणि सील काही काळ तगते. सुगीच्या ऐन धावपळीत काम अडलं असेल तर मी हेच करेन. (घासायचं ते आडवं, गोलाकार. लांबीच्या दिशेने घासलं की प्रत्येक रेघ तेलाला बाहेर यायची वाट होते.) पण इथे क्रोम खालून सुटलेलं होतं, आज बोथट केलेली कड महिनाभराने पुन्हा उडाली असती. दुसरा मार्ग जुना क्रोम काढून, ग्राइंड करून, पुन्हा हार्ड क्रोम करून परत ग्राइंड करण्याचा. मोठ्या, महागड्या रॉडला तो परवडतो. ३० मिमीच्या हातभर रॉडला नाही. तयार हार्ड क्रोम रॉड बाजारात फुटावर मिळतो. तो आणून लेथवर पिस्टनच्या बाजूचा टप्पा आणि आटे करून घेतले आणि जुना डोळा नव्या बुशसकट वेल्ड केला.

वेल्डिंगमध्ये दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. रॉडवर ओलं फडकं गुंडाळायचं, नाहीतर वेल्डिंगचे शिंतोडे क्रोमवर बसतात आणि नवाच रॉड पहिल्या दिवसापासून सील फाडतो. आणि हे काम सिलिंडर जुळवण्याआधी करायचं. सील आत असताना डोळा वेल्ड केला की उष्णता रॉडमधून सरळ सीलपर्यंत जाते. टर्नरला आवर्जून सांगावं लागलं ते चॅम्फरचं. टप्प्याची कड तिरपी आणि गुळगुळीत नसेल तर बसवतानाच सीलची ओठ कापली जाते, आणि ते गळायला लागल्याशिवाय कळत नाही.

किट घेताना ट्रॅक्टरच्या मॉडेलचं नाव सांगून उपयोग नाही. लोडर बाहेरचा, सिलिंडर बाहेरचे, पार्ट नंबर नाही. व्हर्निअरने रॉडचा व्यास, ग्लँडमधल्या खाचेचा व्यास आणि खाचेची लांबी मोजायची. खाच ११ मिमी असेल तर सील १० ची. थोडी मोकळी जागा लागतेच, दाबाखाली सील तिथे श्वास घेते. जुनी सील नमुना म्हणून नेली तर ती फुगलेली किंवा झिजलेली असते आणि माप चुकतं. यू-सील पॉलियुरेथेनचीच घेतली. नायट्राइल रबरापेक्षा ती घासणीला जास्त तगते. तिचं वैरी म्हणजे गरम तेलातलं पाणी, त्याने ती हळूहळू ठिसूळ होते.

म्हणून तेलही तपासलं. टाकीतलं तेल किंचित धुरकट दिसत होतं. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर दोन थेंब टाकले, तडतडले. तेलात पाणी होतं. फाटका वायपर असलेला रॉड दर वेळी आत येताना बाहेरची ओल आत घेऊन येतो, आणि इथे गिअरबॉक्सचं तेलही तेच. तेल बदललं, फिल्टर बदलला, सक्शनची जाळी धुतली. आप्पांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा खर्च हाच होता. काही शे रुपयांच्या किटसाठी सुरू झालेलं काम तेलाच्या बादलीपर्यंत गेलं याचा त्यांना राग आला, आणि तो रास्त होता.

जुळवणी फार वेळ खात नाही. यू-सील कोमट तेलात ठेवून, मधून दुमडून ग्लँडच्या खाचेत सोडली आणि बांबूच्या गोल घासलेल्या पट्टीने बसवली. ओठ आत, दाबाकडे. वायपरची ओठ बाहेर. ग्लँडच्या बाहेरची ओ-रिंग दाबाच्या बाजूला, बॅकअप रिंग तिच्या मागे. रॉडच्या आट्यांवर टेप गुंडाळून मगच ग्लँड सरकवली. पिस्टनला नवी सील, नवी गाइड रिंग, नवा नायलॉक नट. बॅरलमध्ये पिस्टन घालताना पोर्टच्या भोकावरून सील जाते तिथे थांबून बघितलं, भोकाची आतली कड धारदार नव्हती. डाव्या सिलिंडराचा बुशही त्याच दिवशी बदलला, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला ढिला बुश ठेवला की बकेट तिरकी ओढते.

चालू करताना घाई केली तर नवी सील पहिल्याच मिनिटाला जळू शकते. सिलिंडरात अडकलेली हवा एकदम दाबली गेली की इतकी तापते की तेलाची वाफ पेट घेते, अगदी डिझेल इंजिनात घेते तशी. बकेट रिकामी ठेवून, इंजिन मंद ठेवून, रॉड पूर्ण आत-बाहेर हळूहळू फिरवला. झटके थांबले तेव्हा हवा निघाली असं धरलं. मग सगळे रॉड आत घेऊन तेलाची पातळी बघितली. रॉड बाहेर असताना पातळी बघून तेल ओतलं तर सिलिंडर आत आल्यावर टाकी ओसंडते.

राहिली ट्रॅक्टर लावायची पद्धत, आणि जास्त वाद झाला तो तिच्यावर. रॉड आत हवे असतील तर बकेट मागे वळवून, बूम खाली घेऊन, बकेटची टाच जमिनीवर टेकवून ठेवायला हवी. आप्पांचा आक्षेप: "बकेट अशी ठेवली तर त्यात पाणी साचतं, शेण वाळून दगड होतं, सकाळी फावड्याने खरवडायचं कोणी?" खरंच आहे. शेवटी ठरलं असं की काम संपल्यावर बकेट ओतलेल्या अवस्थेत धुवायची, दोन्ही रॉड साध्या पाण्याने धुऊन फडक्याने पुसायचे, आणि मग बकेट वळवून रॉड आत घ्यायचे. प्रेशर वॉशरचा फवारा वायपरच्या तोंडावर मारायचा नाही, त्याने माती आणि पाणी वायपरखालून आत जातं. ट्रॅक्टर नालीच्या कडेवरून हलवून चाऱ्याच्या शेडमध्ये आणला. रॉड आत घेतल्यावरही डोळ्याजवळ जो थोडा भाग उघडा राहतो, त्यावर तेलाचा हात फिरवायचा. ग्रीस नको, कारण त्यावर धूळ बसते आणि सकाळी ती वायपरखाली जाते. रॉडला रबरी भाता घालू का, असं मुलाने विचारलं होतं. गोठ्यात मी तो घालणार नाही. एकदा फाटला की आत ओल कोंडते आणि खड्डे पडताना दिसतही नाहीत.

ग्रीस मात्र पिनांना रोज, निपल पुसून, पहिल्यांदा काळं आणि मग स्वच्छ ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत.

पावसाळा संपल्यावर ट्रॅक्टर पुन्हा पाहिला. उजव्या रॉडवर बोटाला लागेल एवढाच थर, ठिपका एकही नाही, टाकीतलं तेल स्वच्छ. बूम पूर्वीइतकीच बसते. डाव्या बकेट सिलिंडराच्या रॉडवर मात्र वायपरलगत दोन काळे ठिपके आहेत, नख अजून अडखळत नाही. त्यांच्याभोवती पेन्सिलने खूण करून फोटो काढून ठेवलाय. ठिपके वाढले तर पुढच्या उन्हाळ्यात मुरघास भरायच्या आधी तोही रॉड बदलायचा, न वाढल्यास सिलिंडर उघडायचा नाही. आप्पांनी आणून ठेवलेलं चौथं 'ओरिजनल' किट त्याच्यासाठीच कपाटात आहे, माप जुळतंय हे तपासून घेतलंय.